टाचेतले मोती

२ फेब्रुवारी

पोचले एकदाची. बसमधून उतरले तर चपलेत वाळू, डोळ्यांत वाळू, आणि समोर ताई. दोन्ही हात पसरून अशी धावत आली की माझी ट्रंक तिच्या गुडघ्यावर आपटली. तरी हसतेच आहे! म्हणाली, धाकटे, किती वाळलीस गं. मी म्हटलं, लहानपणी तुझे उतरलेले फ्रॉक घालायची सवय लागली ना, त्यांच्या मापाची राहिले. भर रस्त्यात दोघी पोट धरून हसलो. किती दिवसांनी!

घर छोटंसं पण भरपूर उजेडाचं. पुढे दोन खोल्या, खाली सिमेंट. मागची खोली भावोजींनी नंतर वाढवली. भिंती झाल्या, पत्रे चढले, आणि फरशी घालायच्या आत त्यांना बोटीवरून बोलावणं आलं. आता ते सहा-आठ महिन्यांनी येतील तेव्हा. तोवर त्या खोलीत खाली नुसती वाळू. मऊ, कोरडी, दुपारी सुद्धा गार. मुलं तिथेच झोपतात, तिथेच खेळतात, आणि गल्लीतला एक पिवळा कुत्रा आपल्या बापाची जागा असल्यासारखा मधोमध पसरलेला असतो.

मुलं दोन. भोपू सात वर्षांचा. खरं नाव काहीतरी भारदस्त आहे, पण तो बोलला की पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं, म्हणून भोपू. बिट्टी चार वर्षांची. ती बोलत नाही, नुसती बघते, आणि बघून झालं की आईच्या मागे जाते. मी खाऊ पुढे केला तर आधी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली तेव्हा घेतला.

होईल सवय. मला काय घाई आहे? बाबा गेले, घर सोडलं, मागे काही उरलेलं नाही. आता हेच घर.

५ फेब्रुवारी

दिवसाची घडी बसली. ताई मासळी साफ करायच्या शेडमध्ये कामाला आहे, उजाडायच्या आत निघते. मग मुलांना उठवणं, दूध-पाव, आंघोळी, भोपूची शाळा, बिट्टीच्या जटा, धुणं, भात, दुपारची झोप, सगळं माझ्याकडे. मला आवडतंय. भोपूशी तर चांगलीच गट्टी जमली. आज त्याने मला विचारलं, मावशी, तू एवढी मोठी झालीस तरी तुझं लग्न का नाही झालं? मी म्हटलं, सगळे चांगले नवरे बोटीवर गेले होते. पठ्ठ्याला पटलं.

पण संध्याकाळी शेडचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की काय होतं या मुलांना कोण जाणे. माझ्या हातातला घास तसाच राहतो आणि दोघं दाराकडे. दिवसभर मी गोष्टी सांगते, नाक पुसते, भांडणं मिटवते. आणि जिच्या अंगाला मासळीचा वास येतोय, जिला धड डोळे उघडे ठेवता येत नाहीत, तिच्या गळ्यात जाऊन पडतात. मी मागे ताट धरून उभी. जशी काही खानावळीतली बाई.

छे, काहीतरीच लिहिते. आई आहे ती त्यांची.

एक गंमत लिहायची राहिली. दोघंही चालतात बदकासारखी. टाचांवर जोर देऊन, पावलं बाहेर फेकत, डुलत डुलत. मी नक्कल करून दाखवली तर भोपू हसला, बिट्टी नाही हसली.

९ फेब्रुवारी

बदकाचं कोडं आज सुटलं, आणि हसले याची लाज वाटली.

रविवार, ताईची सुट्टी. न्हाणं झाल्यावर ती दारात उजेडाला बसली, सेफ्टी पिन मेणबत्तीवर धरली आणि बिट्टीला मांडीवर घेतलं. मी जवळ जाऊन पाहिलं. त्या एवढ्याशा पावलांवर, नखांच्या कडेला, बोटांच्या बेचक्यात, टाचेवर पांढरे फोड. वाटाण्याएवढे, गोल, फुगलेले, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक काळं टिंब. फोड नव्हेत ते. ताईने सांगितलं, ही वाळूतली पिसू. दिसतही नाही एवढीशी असते. त्यातली मादी कातडीत शिरते, आत बसून रक्त पिते, आणि अंड्यांनी फुगत जाते. पहिले दोन दिवस नुसती खाज, मग ठणका, मग पाय टेकवत नाही. कोरड्या दिवसांत या वस्तीत घरोघरी हेच. मुलांना जास्त, कारण ती अनवाणी आणि जमिनीलगत.

बिट्टी त्यांना मोती म्हणते. आज माझ्याशी पहिल्यांदा आपणहून बोलली ती हेच: माझ्याकडे नऊ मोती आहेत.

ताई पिनने कडेकडेने कोरते, मग अख्खी पिशवी अलगद बाहेर येते. पांढरी, ओली. तिने ती पिनच्या टोकावर धरून मेणबत्तीत टाकली. चट्ट आवाज झाला. मागे पायाला खळगा उरला. बिट्टी रडत होती, पण कशी? आईच्या मानेत तोंड खुपसून, मुठीत आईचे केस धरून. ताई तिच्या कानात काहीतरी गुणगुणत होती. सगळं झाल्यावर तशीच झोपली मांडीवर, हुंदके देत.

माझ्या अंगावर काटा आला, तो त्या पिशव्या पाहून. पण खोटं कशाला लिहू, माझं लक्ष पायाकडे कमी होतं आणि त्या मुठीकडे जास्त.

१२ फेब्रुवारी

आज मी काढला!

दुपारी भोपूला शाळेतून कोणीतरी पोचवलं. शाळेत पोरं त्याला लंगड्या म्हणून चिडवतात म्हणाला, आणि अंगठ्याचा मोती इतका ठणकत होता की बूट घालवेना. आई येईपर्यंत थांबतो म्हणाला. मी म्हटलं, मावशी कशाला आहे? ताईसारखी पिन तापवली, दारात बसले. हात थरथरत होते. त्याने डोळे गच्च मिटले. कातडी सैल झाली, टोक आत गेलं, आणि मोती बाहेर आला, अख्खा. भोपू गुरासारखा ओरडला. आणि मग माझ्या गळ्यात पडला. दोन्ही हातांनी. माझ्या खांद्यावर त्याची लाळ, त्याचं नाक, त्याचा गरम श्वास. मावशी, मावशी, म्हणत राहिला.

माझ्या कुशीत झोपला तो. पाय मुंग्या येऊन बधिर झाले तरी मी हलले नाही. भोंगा वाजला तेव्हाही तो झोपलेलाच होता. ताई आत आली, पाहिलं, हळूच हसली, आणि त्याला उचलून घेऊन गेली.

उचलून घेऊन गेली. जशी काही तिने माझ्याकडे वस्तू ठेवायला दिली होती.

१५ फेब्रुवारी

बाबांची आठवण येतेय. इतकी वर्षं त्यांचं सगळं मी केलं. अंघोळ, औषधं, पथ्यपाणी. दोन बाळंतपणं सोडली तर ताई वर्षातून एकदा यायची, चार दिवस राहायची. शेवटच्या दिवसांत बाबा मला तिच्या नावाने हाक मारायचे. मी ओ द्यायचे.

१७ फेब्रुवारी

भोपूच्या अंगठ्यातून पू यायला लागला, म्हणून ताईच्या सांगण्यावरून दोघांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, चटपटीत. बिट्टीला माझ्या मांडीवर पाहून त्यांनी विचारलं, तुम्ही आई ना? आणि मी हो म्हटलं.

का म्हटलं? तोंडातून गेलं. भोपूने माझ्याकडे पाहिलं, पण तो काही बोलला नाही. किती गोड वाटलं ते. बाहेरच्या बाकावरच्या बायांमध्ये मी पण एक बाई, मांडीवर आजारी पोर घेऊन बसलेली.

मग डॉक्टरीणबाईंनी झाडलं. पिन टोचायची नाही, अजिबात! त्याच पिनने पायात घाण जाते, पू होतो, नखं गळतात, बोटं सडतात, धनुर्वात होतो. त्यांनी समजावून सांगितलं: पिसू डोकं आत खुपसून बसते आणि मागच्या टोकाने श्वास घेते. ते काळं टिंब म्हणजे तिचं नाक समजा. त्यावर हे पातळ तेल लावायचं, नाक बुजतं, ती आतल्या आत मरते, आठ-दहा दिवसांत गळून पडते. मागच्या खोलीतली वाळू रोज पाणी शिंपून दाबायची, कुत्र्याला आत घ्यायचं नाही, पोरांना बंद बूट.

शेवटी विचारलं, धनुर्वाताची सुई मुलांना शेवटची कधी दिली होती? आईला माहीत असतं ते. मला कुठून माहीत असणार? मी म्हटलं, झालीय सगळी. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मग म्हणाल्या, बरं.

२६ फेब्रुवारी

तेल म्हणजे जादू. मोती सुकले, काळे पडले, खपल्यांसारखे निघाले. मी रोज सकाळ-संध्याकाळ बोट बोट उघडून तेल लावलं, वाळू शिंपली, कुत्र्याला हाकललं. सगळं मी केलं. आज दोघं धावली. खरोखर धावली, बदकं नाहीत, हरणं.

आणि धावली कुठे? भोंगा वाजताच शेडच्या फाटकापर्यंत. मी दारातून पाहिलं. गल्लीच्या टोकाला ताई, तिच्या दोन हातांना दोघं लोंबकळतायत, तिघंही हसतायत. शेजारच्या शिंपीणबाई मशीन थांबवून मला म्हणाल्या, बघा, आईच्या मायेनं कशी बरी झाली पोरं.

आईच्या मायेनं.

ती तिघं घरी येईपर्यंत भात गार झाला होता. कोणी विचारलंही नाही, मावशी तू जेवलीस का.

२७ फेब्रुवारी

आज दिवसभर घर रिकामं. भोपू शाळेत, बिट्टी शिंपीणबाईंच्या नातीकडे खेळायला. माझी गरजच नाही कोणाला. ताई काल जेवताना म्हणाली, आता पाय बरे झाले, बिट्टीला पण शाळेत घालू, मग तू मोकळी. कुठे शिवणकाम बिवणकाम बघ.

मोकळी! तिला वाटलं ती माझं भलं करतेय.

बाटलीत अजून अर्धं तेल आहे. पाण्यासारखं पातळ, वास नसलेलं. मी ते मोरीत ओतलं. बाटलीत स्वयंपाकाचं तेल भरलं. हात अजिबात थरथरले नाहीत.

मागच्या खोलीत पाणी मारायचं राहिलं आज. कुत्रा दारात उभा होता, शेपूट हलवत. मी बाजूला झाले.

६ मार्च

आले. भोपूच्या टाचेत दोन, बिट्टीच्या करंगळीच्या कडेला तीन. आधी तांबूस ठिपका, टाचणीच्या टोकाएवढा. मग पांढरं वलय. आता मला आधीच कळतं. मूल पाय पायावर घासायला लागलं की समजायचं, शिरली.

ताई हवालदिल. म्हणाली, तेल लावतेस ना गं? मी बाटली दाखवली. म्हणाली, मग परत कसे आले? ती खाली बसून बिट्टीचे पाय पाहत होती तेव्हा तिचे केस पांढरे झालेले दिसले. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

पण बिट्टी आज दिवसभर माझ्या कडेवर होती. तिला चालवत नाही ना.

९ मार्च

आजचा रविवार मी विसरणार नाही.

ताईने मेणबत्ती लावली. डॉक्टरने नको म्हटलंय हे तिला माहीत आहे, पण पोर कळवळतंय, तेलाने गुण येत नाही, तर काय करणार बिचारी? तिने बिट्टीला मांडीवर घ्यायला हात पुढे केले. बिट्टी मागे सरली. म्हणाली, "मावशी काढेल. मावशी काढते."

ताईने न ऐकल्यासारखं केलं. पुन्हा हात पुढे केले. बिट्टीने माझ्या मानेला मिठी मारली आणि किंचाळली, "तू नको! मावशी!"

ताईचे हात तसेच राहिले, हवेत. मग तिने ते मांडीवर ठेवले आणि पिन मला दिली. तिचा चेहरा मी नीट पाहिला. तो मला ओळखीचा होता. असा चेहरा मी आयुष्यभर माझ्याच आरशात पाहत आलेय.

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझ्या केसांत बिट्टीची मूठ होती, घट्ट.

११ मार्च

माझ्या डाव्या टाचेला खाज येतेय.

मागच्या खोलीत मुलांशेजारी झोपते हल्ली, मला कशी सोडतील? आज उजेडात पाहिलं. तांबूस ठिपका, मधे काळं टिंब. पिन हातात घेतली. कडेने जरासं कोरलं, रक्ताचा थेंब आला.

मग पिन ठेवून दिली.

राहू दे की. एवढ्या मोठ्या वस्तीत तिने माझी टाच निवडली.

१५ मार्च

वाढतोय. वाटाण्याएवढा झाला. दुपारी मुलं झोपली की मी पाय मांडीवर घेऊन बसते आणि बघते. चकचकीत, ताणलेला. ठणका असा, जणू आत लहानसं काहीतरी धडधडतंय. बोट ठेवलं की लागतं बोटाला. धड, धड. माझी नाडी आहे ती, मला कळतं. पण माझ्या नाडीपेक्षा जरा मागे आहे. मी मनगट धरून पाहिलं. जरा मागे आहे.

काल चादरीवर चार पांढरे कण दिसले. साखरेपेक्षा बारीक, लांबट. अंडी. मी चादर झटकली नाही. वाळूत नेली आणि हलकेच तिथे सोडली.

ताई दोन वेळा बाळंत झाली. दोन्ही वेळा माहेरी आली तेव्हा तिचे डोहाळे मी पुरवले, तिचे पाय मी चेपले. माझे पाय कोण चेपणार होतं?

तरी मी कोणाला सांगत नाहीये. माझं आहे ते माझं.

१८ मार्च

दोघं आता गुडघ्यांवर चालतात. भोपूची शाळा बंद. तळव्यांवर मोती एकाला एक चिकटून आलेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. बिट्टीच्या अंगठ्याचं नख काल मोज्यात निघून आलं. ती रडली नाही. मला दाखवलं आणि म्हणाली, मावशी, हे परत लाव.

मी ते नख हातात धरून किती वेळ बसले होते. त्या वेळी सांगायला हवं होतं. ताई शेडमध्ये होती, मी धावत जाऊन तिला सांगू शकले असते. उठले पण. चप्पल शोधली. तेवढ्यात आतून दोघांनी एकदम हाक मारली, मावशी, पाणी. आणि मी पाणी द्यायला गेले.

ताई म्हणते, रजा घेते, मीच घरी थांबते. मी म्हटलं, रजा घेतलीस तर काम जाईल. मी आहे ना.

२० मार्च

माझ्या दोन्ही पायांत आता. मोजत नाही. उभं राहिलं की काचांवर उभं राहिल्यासारखं. मीही बदक झालेय. भोपूने माझी नक्कल केली, गुडघ्यांवर बसून, नुसती मान डोलवत. आम्ही तिघं हसलो.

ताईने दारातून पाहिलं. ती हसली नाही. तिच्या पायांत एकही नाही. दिवसभर शेडमधले रबरी बूट घालते ना ती. तिला काय कळणार.

२२ मार्च

बिट्टीला ताप. पाय घोट्यापर्यंत सुजलाय, वास येतोय. मी पुसते, धुते, पुन्हा येतो वास.

शिंपीणबाई नातीला शोधत आल्या आणि थेट मागच्या खोलीत शिरल्या. नाकाला हात लावला. मग माझे पाय पाहिले. मी ते वाळूत लपवले. त्या तशाच वळल्या. शेडच्या दिशेने गेल्या. भोंगा व्हायला अजून—

२३ मार्च

ताई कालच आली, कामाचा एप्रन तसाच. बिट्टीला उचललं. बाटली घेतली, डॉक्टरीणबाईंना दाखवायला. दारात थांबली. बूच उघडून हुंगली. बोटावर घेतलं, जिभेला लावलं.

म्हणाली, "हे खायचं तेल आहे."

ती ओरडेल, मारेल, असं वाटलं. मारायला हवं होतं तिने. तिने फक्त विचारलं, "धाकटे, या पोरीने तुझं काय घेतलं होतं गं?"

शिंपीणबाईंच्या मुलाने हातगाडी आणली. दोघांना तीत घालून नेलं. भोपू वळून वळून बघत होता. मला हात केला त्याने. ताईने त्याचा हात खाली घेतला.

अजून आली नाहीत.

२४ मार्च

शिंपीणबाईंनी खिडकीतून सांगितलं. मोठ्या इस्पितळात हलवलंय. बिट्टीचा पाय चिरून पू काढला. दोघांना सुया दिल्या, खरं तेल लावलं. ताई तिथेच आहे, दोघांच्या मधे खुर्ची टाकून.

दोघांच्या मधे. आणि दोघं तिच्या हाताला धरून असतील. एकेक बाजूने एकेक.

माझ्यासाठी भाताचं ताट ठेवून गेल्या. आत आल्या नाहीत.

२५ मार्च

दाराला कडी घातली. मागच्या खोलीत आहे. पाय वाळूत खोल पुरून बसले. गार वाटतं. मग खाज. येतात त्या. सगळ्या माझ्याकडेच, आता दुसरं कोणी नाही ना घरात. कुत्राही येत नाही.

आता वाटणी नाही.

तळव्यांवर जागा उरली नाही. एक हाताच्या बोटात शिरलीय, नखाशी. लिहिताना दुखतं.

२६ मार्च

डाव्या टाचेतला तो पहिला, तो काळा पडला. कोरडा. धडधड नाही.

मेला. अंडी संपली की मरतात म्हणे. मी पिनने उघडून पाहिलं. आत काही नाही. नुसता खळगा. काळा, खोल, आणि वास.

मी रडले. मग आठवलं, बिट्टीचं नख. मग खूप रडले. चार वर्षांची पोर. माझ्याकडे नऊ मोती आहेत, म्हणाली होती. मी काय केलं—

ताईला सांगायचंय. ती आली की पाय धरीन. मार म्हणेन.

२७ मार्च

सकाळपासून जबडा आखडलाय. भात खाता येईना. दातांत चमचा जात नाही. मान पण. थंडी बाधली असेल—

दुपारी. पाणी पण नाही जात. ओठ बाजूला ताणले जातात आपोआप. आरशात पाहिलं. मी हसतेय. मी हसत नाहीये.

शिंपीणबाईंचं मशीन सुरू झालं की अंगाला झटका येतो. प्रत्येक आवाजाला. पत्रा वाजला तरी—

२८ मार्च

पाठ. कमानीसारखी. मग सुटते. मग पुन्हा. सुटली की लिहिते.

धनुर्वात. कळलं मला. कडी काढायला हवी. दार तिकडे आहे, पुढच्या खोलीत. दोनदा सरकत गेले. पाय टेकत—

सुटली. ऊन खिडकीत आलंय. दाराशी कोणीतरी—

ताई. ताई आहे. कडी वाजवते. प्रत्येक वेळी अंग

म्हणते, "धाकटे, उघड गं. बिट्टीचा ताप उतरला. बिट्टी विचारतेय मावशी कुठे." म्हणते, डॉक्टरीणबाई बाहेर आहेत, तुलाही सुई, तुझे पाय शिंपीणबाईंनी सांगितले. म्हणते, रागावणार नाही. रडतेय. ताई रडतेय

धाकटे, धाकटे म्हणते. एकसारखी. ही हाक कोणाची उसनी नाही. माझीच आहे. मला ओ द्यायचीय. दात उघडत नाहीत. घशातून नुसता

आवाज करायचा म्हणून ताट ढकललं. लांब आहे. पुन्हा

ऐकलं तिने. ओरडतेय. खांद्याने दार. आणखी एकदा. ताई जोराने नको, प्रत्येक धक्क्याला माझी पाठ—

ताई मी आत आहे मी इथे